हरकत घेण्याच्या आधीची वेळ

महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, दुसऱ्या दिवशी निकाल लागले आणि शहरांना पुन्हा नगरसेवक मिळाले. राज्यघटनेच्या २४३-यू या कलमानुसार महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पार पडलेली असावी लागते. प्रत्यक्षात मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर इथली मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली आणि तेव्हाचे औरंगाबाद इथली तर त्याआधी, २०२० मध्ये. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचे फेरबदल आणि न्यायालयातल्या तारखा यांत वर्षे गेली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितल्या आणि पुढे जानेवारीअखेरची मुदत घालून दिली. या सगळ्या काळात कारभार प्रशासकांच्या हाती होता. प्रस्ताव मांडायचा, स्थायी समितीच्या अधिकारात तो मंजूर करायचा आणि सर्वसाधारण सभेच्या अधिकारात त्यावर शिक्कामोर्तब करायचे, ही तिन्ही कामे एकाच खुर्चीवरून होत होती. लोकांनी कुणाला विचारायचे, हा प्रश्न त्या काळात अनुत्तरितच राहिला.

आता सभागृहे भरली आहेत आणि पुढल्या पाच वर्षांत वस्त्यावस्त्यांचे चेहरे बदलणारे निर्णय त्यांच्यापुढे येणार आहेत. कुठल्या भूखंडावरचे बागेचे किंवा शाळेचे आरक्षण टिकवायचे, कचरा कुठे जिरवायचा, फेरीवाल्यांना बसायला जागा कुठे द्यायची, कोणता रस्ता रुंद करायचा आणि त्यासाठी किती झाडे तोडायची, पाण्याची टाकी कुठे बांधायची. वर्तमानपत्रांत या निर्णयांची बातमी येते ती मुख्य सभेत ठराव झाल्यावर, आणि नागरिक जागे होतात तेही तेव्हाच. मग निवेदने जातात, सह्या गोळा होतात, क्वचित मोर्चाही निघतो. माझे म्हणणे असे, की आपल्या शहरांच्या कारभारात नागरिकाला बोलावले जाते ते फार उशिरा, सगळे ठरून गेल्यावर, आणि तेही फक्त ‘नको’ म्हणण्यासाठी. काय हवे आहे हे सांगण्याची वेळ त्याच्या आधी असते. त्या वेळेसाठी कायद्यात जागाही केलेली आहे. नव्या महापालिकांनी कोणतेही मोठे निर्णय घेण्याआधी ती जागा उघडली पाहिजे.

निर्णय कुठे होतो हे समजून घ्यायला एखाद्या साध्या कामाचा प्रवास पाहावा. समजा, एका गल्लीत पावसाळी गटार टाकायचे आहे. क्षेत्रीय कार्यालयातला कनिष्ठ अभियंता जागा पाहून पूर्वगणनपत्रक तयार करतो, ज्याला सगळे इस्टिमेटच म्हणतात. ते खात्याकडे जाते, अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद धरली जाते, निविदा निघते, मोठ्या रकमेची असेल तर स्थायी समितीपुढे येते, मग कार्यादेश, काम आणि शेवटी देयक. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात अंदाजपत्रकाचे वेळापत्रकही आखून दिलेले आहे: आयुक्तांनी जानेवारीच्या मध्यापर्यंत ते स्थायी समितीला सादर करायचे, कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे आणि १ एप्रिलला नवे वर्ष सुरू होण्याआधी सभेने अंदाजपत्रक मंजूर करायचे. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये सभागृहात जी भाषणे होतात, ती होईपर्यंत कोणत्या गल्लीत गटार होणार आणि कोणत्या गल्लीत आधीच चांगला असलेला पदपथ उखडून पुन्हा पेव्हर ब्लॉक बसणार, हे बहुतेक ठरलेले असते. ते ठरते ऑगस्ट ते डिसेंबरच्या दरम्यान, क्षेत्रीय कार्यालयातल्या टेबलांवर. आणि तिथे ठरलेलेही कायम राहीलच असे नाही. वर्ष संपत आले की ‘वर्गीकरण’ सुरू होते, म्हणजे एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवला जातो. नियमात बसणारी ही सोय अडीअडचणीसाठी आहे. पण ज्या गल्लीचे गटार त्यात जाते, तिथल्या लोकांना ते कळतही नाही.

विकास आराखड्यांचेही असेच. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ खाली महिनाभराची सूचना काढावी लागते. झाड तोडायचे तर झाडावर नोटीस लावून सात दिवस वाट पाहावी लागते. तरतुदी चांगल्या आहेत आणि लोक त्या वापरतातही. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये आला तेव्हा ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. मुंबईत आरे वसाहतीतली मेट्रो कारशेडसाठीची झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर २०१९ मध्ये तितक्याच, ८० हजारांच्या वर हरकती गेल्या. तरीही वृक्ष प्राधिकरणाने प्रस्ताव मंजूर केला. शहरातल्या माणसाला शहराशी देणेघेणे नसते, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत. पण याच आकड्यांमधून एक कमतरताही दिसते. हजारो लोकांची हजारो पत्रे एकाच वेळी एका नियोजन समितीपुढे येऊन पडतात. प्रत्येकाला सुनावणीत काही मिनिटे मिळतात. नकाशा आधीच रंगवून झालेला असतो, त्यामुळे प्रत्येक बदलाकडे ‘आराखडा बिघडवणारा’ म्हणून पाहिले जाते. नागरिक आणि नियोजनकार समोरासमोर येतात ते वादी-प्रतिवादी म्हणूनच.

वस्त्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा निर्णय याच कायद्याच्या कलम १२७ मध्ये दडलेला आहे. आराखड्यात एखादी खासगी जमीन बाग, शाळा, दवाखाना किंवा खेळाचे मैदान यांसाठी आरक्षित केली आणि आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत महापालिकेने ती ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर दोन वर्षांत ती घेतली नाही किंवा भूसंपादनाची पावलेही उचलली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात आल्याचे धरले जाते. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्यच आहे. कुणाची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवता येत नाही. आता तारखा पाहा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा राज्य सरकारने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. दहा वर्षे जानेवारी २०२७ मध्ये भरतात. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा मे २०१८ मध्ये मंजूर होऊन सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. तिथली दहा वर्षे २०२८ मध्ये भरतील. दोन्ही तारखा नुकत्याच निवडून आलेल्या सभागृहांच्या मुदतीत पडतात. नोटिसा येतील तेव्हा महापालिकेला ठरवावे लागेल: रोख मोबदला द्यायचा, की टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, की मालकाला काही भागावर बांधकाम करू देऊन उरलेली सुविधा ताब्यात घ्यायची, की आरक्षण जाऊ द्यायचे. सगळ्या जमिनी घेण्याइतका पैसा कोणत्याच महापालिकेकडे नाही. निवड करावीच लागणार. दाट वस्तीतल्या एकमेव मैदानाला आधी पैसे द्यायचे की शहराच्या कडेच्या मोठ्या उद्यानाला, याचे उत्तर मालमत्ता विभागाच्या फाइलीत सापडणार नाही. ते त्या वस्तीत राहणारी माणसेच देऊ शकतात, आणि त्यांना विचारायची वेळ नोटीस यायच्या आधीची, म्हणजे आत्ताची आहे.

हे विचारायचे कुठे, याची तजवीज तीन दशकांपूर्वी झाली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी जून १९९३ पासून लागू झाली, तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात कलम २९-अ खाली त्या आहेत. समितीत त्या भागातले सगळे नगरसेवक, क्षेत्रीय कार्यालयाचे प्रमुख अधिकारी आणि स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांतून नेमलेले तीनपर्यंत नागरिक सदस्य असतात. बैठक महिन्यातून किमान एकदा व्हावी लागते. पाणी, मलनिःसारण, स्वच्छता यांच्या तक्रारींचे निवारण, पाच लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी आणि आपल्या भागाच्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी त्यावर विचार करून शिफारस, ही तिची कामे. यातले शेवटचे काम कळीचे आहे, कारण ‘आधी’ हा काळ कायद्याने प्रभाग समितीला दिला आहे. आपल्या राज्यात या समितीचा आकार मात्र तिचा हेतूच गिळून टाकतो. घटनेने एका किंवा अधिक प्रभागांची समिती करायला मुभा दिली आणि आपण ‘अधिक’ची बाजू धरली. पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालये आणि तेवढ्याच प्रभाग समित्या. शहराच्या आजच्या हद्दीतली २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या, सुमारे ३४ लाख ८१ हजार, धरली तरी एका समितीच्या वाट्याला सव्वादोन लाखांहून अधिक माणसे येतात. आज हा आकडा अर्थातच मोठा असणार. एवढी माणसे म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याएवढी. केरळने प्रत्येक वॉर्डासाठी स्वतंत्र व्यवस्था केली, बंगळुरूतही वॉर्डनिहाय समित्यांचा आग्रह न्यायालयापर्यंत गेला आणि महिन्याच्या ठरलेल्या शनिवारी बैठका घ्यायचा नियम आला. आपल्याकडे त्या दिशेने पाऊल पडलेले नाही.

नागरिक सदस्यांच्या जागांचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. पुण्यातल्या १५ समित्यांवर तीन-तीन याप्रमाणे ४५ जागा होतात. इतर शहरांत त्यांच्या आकाराप्रमाणे. या जागा झोपडपट्टीत काम करणाऱ्या, कचरावेचकांच्या संघटनेतल्या, ज्येष्ठ नागरिकांच्या किंवा पर्यावरणाच्या प्रश्नांची जाण असलेल्या माणसांसाठी आहेत. पण तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्याची समजूत काढायला त्या वापरल्या जातात, अशी टीका अनेक शहरांत वारंवार झाली आहे. अशा नेमणुकांनी समितीत पक्षांची संख्या वाढते, नागरिक वाढत नाहीत. नव्या सभागृहांचा कस लागेल तो इथे. संस्थांकडून अर्ज मागवताना त्यांच्या कामाची माहिती जाहीर करणे, हरकती घेणे आणि मग नेमणूक करणे यांत अवघड काही नाही, आणि याला एक रुपयाही लागत नाही.

प्रभाग समितीच्याही खाली एक पायरी आहे, जिची माहिती फार थोड्यांना आहे: क्षेत्रसभा. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचे पैसे घेताना राज्यांना लोकसहभागाचा कायदा करण्याची अट होती. त्यानुसार महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका आणि नगरपालिकांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद घातली. मतदान केंद्राच्या किंवा शेजारशेजारच्या काही केंद्रांच्या हद्दीतले सगळे मतदार हे या सभेचे सदस्य आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात, म्हणजे क्षेत्रसभा मध्यम आकाराच्या गावाच्या ग्रामसभेएवढी होते. खेड्यातल्या माणसाला ग्रामसभा आहे. तिथे वर्षाचा जमाखर्च वाचावा लागतो, लाभार्थ्यांची नावे ठरतात, आणि ठरलेल्या सभा न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. तोच माणूस पोटापाण्यासाठी शहरात आला की त्याच्या हाती पाच वर्षांतून एकदा मतदान एवढेच उरते. पुण्यासारख्या शहरात तर चार नगरसेवकांचा एक प्रभाग, २०११ च्या लोकसंख्येने सरासरी ८४ हजारांचा. गटार तुंबले तर चौघांपैकी कुणाला धरायचे हेसुद्धा त्याला ठरवता येत नाही. मुंबईत २२७ प्रभागांत एकेकच नगरसेवक आहे, त्यामुळे तिथे जबाबदारी निदान एका माणसावर टाकता येते. बहुसदस्य पद्धतीत क्षेत्रसभेची गरज उलट जास्त आहे, कारण चौघांनी आपापली क्षेत्रे वाटून घेऊन तिथे सभा घेतल्या तरच कोण कशाला बांधील आहे ते दिसेल.

असे काही केल्यावर लोक येतात का? याचे उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये लोकसहभागी अंदाजपत्रकाची सुरुवात केली, तिचा गाजावाजा जगभर झाला. पण पुणे महापालिका २००६ पासून तीच गोष्ट आपल्या पद्धतीने करत आली आहे. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयांत साधे अर्ज घेतले जातात. नागरिकाने काम सुचवायचे: पदपथ, दिवे, बसथांब्याला छप्पर, सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती, बाग. अर्जांची छाननी होते, प्रभागाला ठरवून दिलेल्या रकमेत बसणारी कामे अंदाजपत्रकाच्या वेगळ्या भागात छापली जातात. प्रशासकांच्या काळातही हे अर्ज थांबले नाहीत. या प्रयोगाचे मोल मोठे आहे, कारण त्याने एक गोष्ट सिद्ध केली: वस्तीतला माणूस मागतो ती कामे बहुधा छोटी, नेमकी आणि उपयोगाची असतात. पण उणिवाही स्पष्ट आहेत. पुणे महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटींचे होते आणि नागरिकांच्या सूचनांना त्यातला अगदीच छोटा भाग आला. अर्ज एकेकट्याने भरायचा असतो, त्यामुळे दोन शेजारच्या गल्ल्यांनी एकत्र बसून ‘आधी तुमचे गटार, पुढच्या वर्षी आमचे’ असे ठरवण्याची संधी मिळत नाही. काम का नाकारले हे अर्जदाराला नीट कळत नाही. क्षेत्रसभेत हेच अर्ज वाचले गेले, तर या तिन्ही उणिवा बऱ्याच भरून निघतील.

याला गंभीर आक्षेप आहेत आणि त्यातला सगळ्यात जड आक्षेप कचऱ्याचा आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. तिथल्या विहिरींचे पाणी खराब झाले, दुर्गंधीने जगणे कठीण झाले, आणि २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या. उपाय सगळ्यांना ठाऊक होता: शहराने आपला कचरा आपल्या भागात जिरवावा. पण प्रभागात छोटा प्रकल्प उभा करायचा म्हटले की तिथले रहिवासी विरोधाला उभे राहतात. मग लोकांना आधी विचारले तर प्रत्येक वस्ती ‘इथे नको’ म्हणेल आणि सगळा भार पुन्हा ज्यांचा आवाज दुबळा आहे त्यांच्यावर जाईल, असे म्हणणारा माणूस चुकीचे बोलत नाही. पण हा सगळा इतिहास लोकांना विचारल्याने घडला आहे का? उरुळीच्या लोकांना कुणीच विचारले नव्हते. शहराच्या वस्त्यांनाही विचारले जाते ते जागा ठरवून झाल्यावर, ‘होय की नाही’ एवढेच. तेव्हा ‘नाही’ म्हणणे सगळ्यात सोपे असते. प्रश्न आधी आणि पूर्ण विचारावा लागेल: या प्रभागाचा रोजचा कचरा इतका, तो बाहेर वाहून नेण्याचा खर्च इतका, प्रभागात जिरवायचा तर या तीन जागा आहेत, तुम्ही एक निवडा आणि वास येऊ लागला तर काय करायचे याच्या अटी घाला. प्रभाग समितीने आपल्या कचऱ्याची जबाबदारी झटकायची नाही, ही मर्यादा महापालिकेने घालून द्यावी. कुठे आणि कसे, हे वस्तीने ठरवावे. शहराच्या पातळीवरचे न्यायाचे प्रश्न वस्तीवर सोडता येत नाहीत हे मान्यच आहे, पण म्हणून वस्तीचे प्रश्न शहराने परस्पर सोडवावेत असे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप वेगाचा. प्रशासकांच्या काळात कामे भराभर मार्गी लागली, सभागृहातले गोंधळ आणि तहकुबी वाचल्या, असे अनेक सुशिक्षित माणसे मनापासून म्हणतात. याला मुंबईने स्वतःच उत्तर दिले आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. अस्तित्वातल्या वास्तू, रस्ते, मोकळ्या जागा यांच्या नोंदींत इतक्या चुका सापडल्या की दोन-अडीच महिन्यांत राज्य सरकारने तो रद्द करून नव्याने तयार करायला सांगितला. अंतिम मंजुरी मिळायला मे २०१८ उजाडले. तीन वर्षे गेली ती कुणाशी चर्चा केल्यामुळे नव्हे, चुका उशिरा सापडल्यामुळे. आपल्या गल्लीत कोणती इमारत आहे आणि कोणती नाही हे तिथल्या पोस्टमनलाही माहीत असते. विभागांतल्या लोकांपुढे नकाशे आधी पसरले असते, तर त्यातल्या बऱ्याच चुका तिथेच दुरुस्त झाल्या असत्या. शिवाय प्रशासकांच्या काळात राजकारण थांबले नव्हते. मुंबईत २०२३ मध्ये वस्तीतल्या कामांसाठीचा निधी आमदारांच्या मागणीवरून, पालकमंत्र्यांच्या संमतीने देण्याचे धोरण आले. नगरसेवक नव्हते, पण त्यांची जागा रिकामी राहिली नाही. ती लोकांपासून आणखी दूरच्या माणसांनी घेतली, एवढाच फरक.

नगरसेवक म्हणतील, आम्ही निवडून आलो आहोत, मग पुन्हा सभा कशाला? त्यांची बाजू समजून घ्यावी लागेल. नगरसेवकाचे पहाटे पाण्याच्या टँकरपासून रात्री ड्रेनेजपर्यंतचे जगणे सोपे नसते. पण निवडून येणे म्हणजे पाच वर्षांतल्या प्रत्येक भूखंडाबद्दलचे मत लोकांनी आधीच देऊन टाकले, असा अर्थ होत नाही. उलट क्षेत्रसभेचा ठराव हातात असलेला नगरसेवक खात्यापुढे जास्त ताकदीने उभा राहतो. ‘माझी मागणी’ फेटाळणे अधिकाऱ्याला सोपे जाते, अकराशे मतदारांच्या सभेत वाचून झालेली यादी फेटाळताना त्याला कारण लिहावे लागते. पुण्यात नगरसेवकांच्या निधीतल्या कामांची ‘स’ यादी असते. तिच्यावर बाक, नामफलक आणि कापडी पिशव्यांवरच्या खर्चासाठी दरवर्षी टीका होते. ती यादी क्षेत्रसभेत तयार झाली तर टीकेला जागाच उरणार नाही.

राहिला तो आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: अशा सभा म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांचे राज्य. मुंबईत १९९७ पासून चाललेल्या एएलएम, म्हणजे स्थानिक परिसर व्यवस्थापनाच्या गटांबद्दल हीच तक्रार झाली. चांगले काम बरेच झाले, पण चाळ, झोपडपट्टी, भाडेकरू आणि फेरीवाले यांना त्या गटांत जागा कमी मिळाली, कधी कधी ते गटाच्या तक्रारीचा विषयच झाले. क्षेत्रसभा मात्र गटांपेक्षा मुळातच वेगळी आहे. तिचे सदस्यत्व मतदारयादीवरून येते, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरून नाही. पत्र्याच्या खोलीत राहणारी घरकामगार आणि समोरच्या टॉवरमधला व्यावसायिक यांचा हक्क तिथे सारखा. हा समान हक्क प्रत्यक्षात यायचा तर सभा रविवारी किंवा कामावरून परतल्यानंतरच्या वेळी, महापालिकेच्या शाळेत भरवाव्या लागतील, आणि काही जागी फक्त महिलांची बैठक आधी घ्यावी लागेल. फेरीवाल्यांसाठी २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती दिली आहे, जिच्यात ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. फेरीवाला क्षेत्रांचा विषय क्षेत्रसभेत येईल तेव्हा त्या समितीतल्या माणसांनाही तिथे बोलावले पाहिजे. ज्याच्याबद्दल निर्णय होणार तो खोलीत हजर असला की चर्चेचा सूर बदलतो.

राज्य सरकारने क्षेत्रांच्या हद्दी आणि सभांचे वेळापत्रक पक्के करून महापालिकांना पाळायला लावावे, आणि प्रभाग समित्यांचा आकार कमी करण्याचा विचार करावा. पण त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या भागातल्या आरक्षित भूखंडांची यादी, त्यांची सद्यस्थिती आणि दहा वर्षांची तारीख महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लावा, असा ठराव कोणतीही प्रभाग समिती पुढच्याच बैठकीत करू शकते. अंदाजपत्रकात आपल्या प्रभागासाठी काय धरले आणि मार्चमध्ये त्यातले काय वर्गीकरणात गेले, हेही तिथेच वाचता येईल. वाचकांना विनंती एवढीच: तुमच्या प्रभाग समितीची पुढची बैठक कधी आहे आणि नागरिक सदस्यांच्या जागा भरल्या आहेत का, हे क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा. तुमच्या नगरसेवकांकडे क्षेत्रसभेची तारीख लेखी मागा. ती दिवाळीच्या आधीची असू द्या, कारण पुढच्या वर्षीची कामे त्याच सुमारास ठरतात.